कॅमेऱ्यामागचा माणूस

१

दुपारी एकच्या सुमाराला मी शाळेत शिकवून घरी यायचे. जेवणं उरकायची. मग अडीचला हॉलमधलं स्टीलचं कपाट उघडून मी विचारायचे, "बाबा, आज कुठली?"

बाबा म्हणजे माझे सासरे, शिवराम. पावणे गावातल्या एका कारखान्यात ते तेहेतीस वर्षं स्टोअरला होते. सोबतचे लोक सुट्टीच्या दिवशी पत्ते कुटायचे, तेव्हा हे माहितीपट जमवत फिरायचे. परदेशात बक्षिसं मिळवलेल्या, जाणकारांनी डोक्यावर घेतलेल्या आणि आपल्याकडे थिएटरात कधीच न लागणाऱ्या फिल्म. बर्फात रेनडिअर पाळणारे लोक, अंध मुलांची शाळा, विहिरी खणणारे, संपावर गेलेल्या बायका. एकूण दोनशे चौदा डिस्क होत्या. प्रत्येकीला त्यांनी स्वतः शिवलेलं खाकी पाकीट, पाकिटावर नंबर, आणि एका जाड वहीत त्या नंबरापुढे देश, साल आणि किती मिनिटांची ते.

लग्न होऊन कोपरखैरण्याच्या या दोन खोल्यांत आले तेव्हा मला वाटलं होतं, या माणसाला जिवंत माणसांपेक्षा फिल्ममधली माणसं जवळची आहेत. माझ्याशी त्यांचं फारसं बोलणं नसायचं. एखादी चांगली फिल्म लावली की "प्रिया, जरा बस, हे बघ," एवढं म्हणायचे. माझं नाव संघप्रिया. पूर्ण नावानं हाक मारण्याइतका वेळ घरात कोणाकडेच नव्हता.

गेल्या वर्षी मार्चमध्ये बाबांना स्ट्रोक आला. उजवा हात लुळा पडला, पाय ओढत दोन पावलं टाकता यायची, आणि बोलणं पार गेलं. समजायचं सगळं. तोंडातून फक्त 'हां' निघायचं. बाकीचा शब्द ओठांपर्यंत यायचा, तिथे थरथरायचा आणि परत जायचा. वाशीहून आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपिस्ट यायच्या, स्नेहल मॅडम. त्या म्हणाल्या, "आवडीचं ऐकू दे त्यांना. रोज एक फिल्म लावा."

म्हणून रोज दुपारी बाबा डाव्या हाताचं बोट वहीतल्या एका नंबरावर ठेवायचे आणि मी ती डिस्क लावून द्यायचे. माझी सात वर्षांची मुलगी जाई त्या वेळी शाळेत असायची. नवरा, सुगत, तळोज्याला कंपनीत. मी किचनमध्ये वह्या तपासत बसायचे. घरात मी, बाबा आणि टीव्हीतली माणसं.

२

सत्त्याऐंशी नंबरची फिल्म मला पाठ होती. मिठागरात राबणाऱ्या एका म्हातारीची, अठ्ठावन्न मिनिटांची. म्हातारी झोपडीसमोर बसलेली असते आणि कॅमेऱ्यामागून एक माणूस तिला प्रश्न विचारतो. असल्या फिल्ममध्ये विचारणारा कधी दिसत नाही, नुसता त्याचा आवाज येतो. तो विचारतो, "किती वर्षं झाली या कामाला?" म्हातारी खळखळून हसते आणि म्हणते, "मोजत बसले तं काम कोन करील?"

त्या दुपारी मी ओट्यापाशी बसले होते. प्रश्न ऐकू आला. हसणं ऐकू आलं नाही.

बराच वेळ काहीच नाही. फक्त वारा. मग हॉलमधून बाबांचा आवाज आला, "हां."

मी डोकावून बघितलं. म्हातारी पडद्यावर होती, पण बोलत नव्हती. मान थोडी कलती करून थांबली होती. शेजारच्या माणसाला कोणी काही विचारलं की तो उत्तर देईपर्यंत आपण थांबतो ना, तशी. मला वाटलं डिस्क अडकली. पण तिच्या मागे दोरीवरचं लुगडं फडफडत होतं. तिच्या पापण्या हलत होत्या.

"आता बरं वाटतंय का?" त्या माणसानं विचारलं.

"हां," बाबा म्हणाले.

मी परत येऊन वह्या ओढल्या. मनाशी म्हटलं, हा भाग आपण कधी नीट बघितला नसेल. पाठ आहे पाठ आहे म्हणतो, पण मधल्या मधल्या गोष्टी निसटतातच. फिल्म संपली तेव्हा मी घड्याळ बघितलं. अठ्ठावन्न मिनिटांच्या फिल्मला एक तास वीस मिनिटं लागली होती. बाबांनी मध्ये पॉज केलं असेल, असं मी ठरवून टाकलं.

रिमोट सगळा वेळ ओट्यावर, माझ्या कोपराशी पडला होता.

३

दुसऱ्या दिवशी रेनडिअरवाली फिल्म. त्यातली माणसं त्यांच्या भाषेत बोलतात, खाली इंग्रजी अक्षरं येतात. किचनमध्ये मला ती भाषा ऐकू येत होती, आणि तिच्या मधोमध स्वच्छ मराठीत कोणीतरी विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

तोच आवाज. वाईट नव्हता तो. उलट अदबशीर, किंचित दमलेला. जनगणनेला दारोदार फिरणारे मास्तर विचारतात तसा. आणि विचारून झालं की तो थांबायचा. खूप थांबायचा. घाई नाही, दुसरा प्रश्न नाही. बाबांच्या घशातून घरघर यायची, शब्द अडायचा, तरी तो थांबलेलाच.

मी सुगतला सांगितलं. रविवारी आम्ही दोघांनी बाबांच्या शेजारी बसून सत्त्याऐंशी नंबर लावली. म्हातारी वेळेवर हसली. फिल्म अठ्ठावन्न मिनिटांत संपली.

"दमलीयेस तू," सुगत म्हणाला. "शाळा, घर, बाबांचं सगळं. टेन्शन नको घेऊ. म्हातारीच्या हसण्याच्या जागी बाबांचा 'हां' ऐकू आला असेल."

मलाही ते पटलं. म्हणजे पटवून घेतलं.

मंगळवारी स्नेहल मॅडम आल्या होत्या. त्यांनी सुगतचा फोटो पुढे धरला. आधी शंभर वेळा धरला असेल. बाबांनी फोटोकडे बघितलं, ओठ जुळवले आणि स्पष्ट म्हणाले, "सुगत."

मॅडमनी टाळ्या वाजवल्या. मी तिथल्या तिथे सुगतला फोन लावला आणि बाबांच्या तोंडाशी धरला. "सुगत," बाबा पुन्हा म्हणाले. पलीकडे सुगत रडत होता, मागे मशिनांचा आवाज चालू होता.

तो शब्द कुठून आला ते मला माहीत होतं. आदल्या दुपारी त्या आवाजानं विचारलं होतं, "मुलाचं नाव काय?" आणि तो अर्धा तास थांबला होता. हे मी कोणाला सांगितलं नाही. खरं सांगते, मला भीती वाटत होती, पण आनंद तिच्यापेक्षा मोठा होता. महिनोन् महिने जे आम्हाला जमलं नाही ते होत होतं. कशानं का होईना.

४

बुधवारी संध्याकाळी सुगत घरी आला तो कोपराला पट्टी बांधून.

"काही नाही, फोर्कलिफ्ट घासून गेली."

"घासून गेली म्हणजे? तू कुठे होतास?"

"मी पिवळ्या पट्ट्याच्या आतच उभा होतो गं. मागून कोणीतरी म्हणालं, जरा मागे सरा. फोटो काढताना म्हणतात ना, तसं. मी सरलो एक पाऊल. आणि तेवढ्यात ती आली. ड्रायव्हरनं वळवली म्हणून वाचलो."

"कोण म्हणालं?"

सुगत हसला. "तेच तर! मागे कोणी नव्हतं."

बाबा खुर्चीत बसून ऐकत होते. त्यांनी सुगतच्या पट्टीकडे बघितलं, मग बंद टीव्हीकडे. त्या वेळी त्या बघण्याचा अर्थ माझ्या लक्षात आला नाही.

शुक्रवारी मी वह्या तपासताना मुद्दाम कान बंद ठेवले होते. तरी ऐकू आलंच. "सुनेला काय म्हणता तुम्ही?" आणि मग ती लांबलचक, सोशिक शांतता. बाबा या वेळी लढत होते, एवढं मला ऐकू येत होतं. खुर्चीचा हात कुरकुरत होता. शेवटी जणू कोणी ओढून काढावा तसा शब्द बाहेर आला. "प्रिया."

माझं नाव बाबांच्या तोंडून ऐकून मला जे वाटलं, ते आनंदाच्या जवळचंसुद्धा नव्हतं.

शनिवारी शाळेत मधल्या सुट्टीत मी जिन्याच्या वरच्या पायरीशी उभी होते, जिन्याकडे पाठ करून. समोर आमच्या वैजयंती मॅडम सहामाही परीक्षेचं काहीतरी सांगत होत्या. माझ्या कानाजवळ, अगदी अदबीनं, कोणीतरी म्हणालं, "जरा मागे सरा."

आणि मी सरले. माहीत असूनसुद्धा सरले. इतकं सभ्यपणे कोणी सांगितलं की अंगच ऐकतं, डोकं नंतर विचार करतं. टाच हवेत गेली. वैजयंती मॅडमनी माझा दंड पकडला नसता तर मी चौदा पायऱ्या खाली असते.

"अगं, काय करतेस?"

"मागून कोण बोललं?"

"कोण बोलणार? जिन्यात कोणी नाही."

घरी आल्यावर मी हे सगळं बाबांच्या समोर सुगतला सांगितलं. माझं बोलणं संपायच्या आधीच बाबांनी मांडीवरची वही मिटली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. मी प्लेअरचा प्लग काढला, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली ओट्यावरच्या डब्यात टाकली.

सुगत या वेळी टेन्शन घेऊ नको म्हणाला नाही.

५

सोमवारी जाईला ताप भरला. मी शाळेत रजा कळवली आणि तिला आतल्या खोलीत निजवून कपाळावर पट्ट्या ठेवत बसले.

साधारण दोन वाजता ती डोळे न उघडता म्हणाली, "आई, ते काका माझं नाव विचारतायत."

"कुठले काका?"

"गॅलरीतले."

आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. बिल्डिंगमध्ये बाकी सगळ्यांनी गॅलरीला ग्रिल बसवून घेतलंय. आमचं राहून गेलंय. कठडा माझ्या कमरेइतका.

"तू सांगितलंस नाव?"

"नाही. मी म्हटलं, आईला विचारते." मग थोडं थांबून, "ते थांबलेत."

मी मागे वळले. दारात काठीला रेलून बाबा उभे होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी. चेहरा पांढराफटक पडला होता.

मी गॅलरीचं दार लावलं, वरची खालची कडी घातली, शिवाय कुलूप घातलं. तापाचं औषध संपत आलं होतं आणि जाईचं अंग चटके बसावेत इतकं तापलं होतं. मेडिकल खालीच, कोपऱ्यावर. "बाबा, पाच मिनिटांत येते," मी म्हटलं. "तिच्याजवळ बसा." बाबा "हां" म्हणाले.

मी धावत गेले आणि धावत आले. लॅचला किल्ली लावली. किल्ली फिरली, पण दार उघडलं नाही. आतून कडी होती.

आत टीव्ही चालू होता.

६

आमच्या किचनची खिडकी जिन्याच्या पॅसेजमध्ये उघडते. मी गज धरून आत बघितलं. किचनच्या दारातून हॉल दिसतो. बाबांची खुर्ची मला पाठमोरी होती, बाबांचं पांढरं डोकं खुर्चीच्या वर. ओट्यावरचा डबा आडवा पडलेला. कपाट सताड उघडं. प्लेअरपाशी त्यांची एक चप्पल पडलेली. ज्या माणसाला दोन पावलं टाकताना आधार लागत होता, त्यानं डाव्या एका हातानं हे सगळं केलं होतं.

आणि टीव्हीवर आमचाच हॉल होता.

मला तोंडातून आवाज काढता आला नाही. पडद्यावर बाबा समोरून दिसत होते, खुर्चीत ताठ बसलेले, फिल्ममध्ये मुलाखत देणारी माणसं बसतात तसे. त्यांच्या मागे कोणीतरी उभं होतं. चौकट खांद्यापाशी संपत होती, त्यामुळे चेहरा नव्हता. करड्या रंगाचा साधा शर्ट, खिशाला पेन, आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला एक हात.

मी पडद्यावरून नजर काढून खऱ्या खुर्चीकडे बघितलं. खुर्चीमागे कोणी नव्हतं.

"अजून कोण असतं घरात?" त्यानं विचारलं.

आतल्या खोलीतून जाई झोपेत बरळली, "आई..."

"कोण हाक मारतंय?"

शांतता. ती सोशिक, न संपणारी शांतता. मी गज इतका घट्ट धरला होता की बोटांना वळ उठले. बाबांचा घसा घरघरला. शब्द आला, परत गेला. पुन्हा आला.

"को... णी... नाही."

"अजून कोणीतरी आहे ना?"

"कोणी नाही." या वेळी जरा सरळ. आणि मग, एका एका शब्दाला दम घेत, स्ट्रोकनंतर कधी न बोललेले इतके शब्द बाबा बोलले. "सुगत... नाही. प्रिया... नाही. मी... एकटा."

तो थांबला. बाबाही थांबले. मला पडद्यावर त्यांच्या कपाळावरचा घाम दिसत होता.

"बरं," तो म्हणाला. तितक्याच अदबीनं. "मग तुम्ही जरा मागे सरा."

पडद्यावर खुर्चीच्या पाठीवरचा हात हलला. आणि समोर, खरोखरच्या हॉलमध्ये, खुर्चीचे पुढचे दोन पाय जमिनीवरून उचलले गेले. बोटभर. मग वीतभर. बाबांच्या मागे फरशी, फरशीच्या पुढे कपाटाचा लोखंडी कोपरा.

बाबांनी डावा पाय जमिनीवर रोवला. डाव्या हातानं टीपॉयची कड धरली.

"नाही सरत," बाबा म्हणाले. मोठ्यानं. स्टोअरमध्ये कोणी चिठ्ठीशिवाय माल मागितला की म्हणत असतील, तसं. "तुम्ही... जा."

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग खुर्चीचे पाय खट्‌कन फरशीवर टेकले.

"बरं," तो म्हणाला. "आभारी आहे."

पडदा एकदा काळा झाला. त्यानंतर झोपडी दिसली, दोरीवरचं लुगडं दिसलं, आणि मिठागरातली म्हातारी खळखळून हसली. "मोजत बसले तं काम कोन करील?"

७

कडी काढायला बाबांना बराच वेळ लागला. दार उघडलं तेव्हा ते घामानं निथळत होते आणि हसत होते. मी त्यांना धरून खुर्चीत बसवलं आणि आत धावले. गॅलरीचं कुलूप जागेवर होतं. जाई कूस बदलून झोपली होती. तिच्या मानेवर घाम होता, अंग गार लागत होतं. औषधाची बाटली माझ्या हातात तशीच बंद.

मी तिथेच फरशीवर बसले आणि रडून घेतलं. बाबांना ऐकू गेलं असणार. हॉलमधून त्यांची हाक आली, "प्रिया." या वेळी ते माझं नाव होतं. कोणी ओढून काढलेलं नव्हतं.

त्यानंतर कोणाला कुठून आवाज आला नाही. सुगत कंपनीत पिवळ्या पट्ट्याच्या आत उभा राहतो. मी जिने चढते-उतरते. पुढच्या आठवड्यात आम्ही गॅलरीला ग्रिल बसवलं, ते काही त्या माणसासाठी नव्हे, बसवायचंच होतं. फिल्म आम्ही फेकल्या नाहीत. एकेक करून सुगतनं आणि मी त्या बघितल्या, घड्याळ लावून. सगळ्या वहीत लिहिल्या तेवढ्याच मिनिटांच्या निघाल्या.

बाबांचं बोलणं हळूहळू येत गेलं. मी त्यांना एकदाच विचारलं, कडी का लावली होती.

"तू... दिसायला नको."

"आणि बाबा, पहिल्या दिवशी त्याला उत्तर का दिलंत?"

मी वाट बघितली.

"तो... थांबायचा," बाबा म्हणाले. "तुम्ही विचारता... जेवलात का. मी हां म्हणतो. तुम्ही... जाता."

मला मान वर करवेना. खरंच होतं ते. दीड वर्षात आम्ही त्यांना 'हां' म्हणून संपेल असंच सगळं विचारलं होतं. आता दुपारी वह्या घेऊन मी हॉलमध्येच बसते. स्टोअरमध्ये काय काय असायचं, विहिरीवाली फिल्म कुठून मिळाली, कारखान्यातला पहिला दिवस कसा होता, असं एखादं विचारते आणि मग काम बाजूला ठेवते. कधी एका वाक्याला दहा मिनिटं लागतात. लागू देत.

मागच्या रविवारी सकाळी बोनकोड्याच्या सुंदराबाई मासळीची पाटी घेऊन दारात बसल्या होत्या. बाबांना त्यांनी स्ट्रोकनंतर कधी बोलताना ऐकलं नव्हतं. "घे गो पोरी," त्या मला सांगत होत्या, "सकालचं बोंबील हाय, एकदम ताजं."

खुर्चीतून बाबांनी मान लांब करून पाटीत बघितलं.

"कालचे," ते म्हणाले.

सुंदराबाईंचा हात पाटीत तसाच राहिला. मग त्यांनी तोंडाला पदर लावला. "आता गो बाय! म्हातारा बोलाया लागला, आनि पयला मलाच खोटी पारतो!"

जाई हसत सुटली. सुगत आतून दात घासता घासता बाहेर आला, तोही हसायला लागला. बाबा मात्र गंभीरपणे पाटीकडेच बघत होते.

बोंबील खरंच कालचे होते. मी सगळे घेतले.